चिमट्याकडचं टोक

"मिळाली," कानसेन फोनवर म्हणाला आणि त्याने तार कापली.

चौथ्या मजल्यावर टेबलाखाली ओणवा झालेला त्याचा मेहुणा चिमटा सोडवून पुढच्या टेबलाकडे सरकला. त्या कचेरीतल्या फोनच्या जुन्या तारा नव्या पॅनेलवर घ्यायचं काम चाललं होतं. आधीच्या ठेकेदाराने एकाही तारेला चिठ्ठी लावलेली नव्हती, त्यामुळे कुठल्या टेबलाची तार तळघरात कुठे उतरते ते शोधूनच काढावं लागे. वर मेहुण्याने सॉकेटला एका डबीचा चिमटा लावायचा. डबी तारेत एक बारीक सूर सोडते. खाली कानसेनने तारांच्या जुडग्यावरून पेनासारखा शोधक फिरवायचा. ज्या तारेवर तो ठळक वाजेल ती आपली; ती कापून नव्या पॅनेलवर जोडायची.

अडचण एवढीच, की तारा शेजारधर्म पाळतात. एकीचा सूर दुसरीत झिरपतोच. म्हणून शोधकाचा आवाज अगदी कमी ठेवायचा. मग शेजारणी गप्प बसतात आणि खरी तेवढी बोलते. कुजबुजीएवढ्या आवाजावर काम करणारा म्हणून धंद्यात त्याचं नाव कानसेन पडलं होतं. खरं नाव आता बहुधा सासूबाईंनाच आठवत असावं.

गेल्या वर्षापासून तो सूर त्याला ऐकू येईनासा झाला होता. माणसांचं बोलणं कळायचं, दार आपटलेलं कळायचं. बारीक आवाज तेवढे गेले. घड्याळाचा गजर बायको बंद करायची आणि त्याला हलवून उठवायची. तो डॉक्टरकडे गेला नाही. त्याने शोधकाचा आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. पूर्ण आवाजावर सगळं जुडगंच गायला लागतं हे मेहुण्याला शिकवलं होतं त्यानेच. पण त्याला त्यातलं जेमतेम काही ऐकू यायचं, आणि बाकी कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

व्यवस्थापक बाई चौथ्या मजल्यावर आल्या तेव्हा मेहुणा पुढच्या सॉकेटला चिमटा लावून फोनची वाट बघत होता.

"अहो, खाली रिसेप्शनचा फोन बंद पडलाय. काही कापलंत का तुम्ही?"

"नाही बाई, दाजी कधी चुकत नाहीत. थांबा, बघून येतो."

चिमटा तसाच ठेवून तो जिन्याने उतरला. तळघराच्या दाराशीच त्याला तो आवाज ऐकू आला. खोलीभर शोधकाची किंकाळी घुमत होती. कानसेन दाराकडे पाठ करून, शोधक कानाशी नेऊन परत तारांवर फिरवत होता. मग त्याने फोन लावला, आणि मेहुण्याच्या खिशात घंटी वाजली.

मेहुण्याने फोन उचलला. "हं, दाजी."

"लावलास का रे? काहीच येत नाहीये."

मेहुण्याने फोन कानावरून काढला. या माणसाने त्याला रिकामटेकडा असताना हाताला धरून धंद्यात आणलं होतं. बहिणीला काय सांगायचं, हा विचार त्याच्या मनात आधी आला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"लावलाय, दाजी," तो मागूनच म्हणाला.

कानसेन वळला. मेहुण्याचा चेहरा बघून त्याने शोधक बंद केला. तोवर बाईही खाली पोचल्या होत्या.

"कुणी कापली ती लाइन? असं चालणार असेल तर उद्यापासून मी दुसरी माणसं बोलावते."

"माझी चूक झाली, बाई," मेहुणा घाईने म्हणाला. "मी भलत्याच सॉकेटला चिमटा लावला."

"त्याने बरोबर लावला होता," कानसेन म्हणाला. "तार मी चुकीची कापली. मला हा आवाज ऐकू येत नाही."

हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. बोलल्यावर आभाळ कोसळलं नाही. बाईंनी फक्त विचारलं, "मग इतके दिवस काय करत होतात?"

"अंदाज."

"आणि उरलेले मजले?"

"हा करेल. याचे कान चांगले आहेत."

"ठीक आहे. पण पुन्हा एक जरी फोन बंद पडला, तर सामान उचलायचं."

बाई गेल्या. कानसेनने कापलेली तार जोडली, रिसेप्शनला फोन करून बघितला. मग शोधक मेहुण्याच्या हातात दिला.

"आवाज कमी कर."

"एवढा?"

"अजून. आता काही ऐकूच येणार नाही असं वाटायला लागलं ना, की बरोबर."

"दाजी, तुम्ही बसा. मी एकटाच खालीवर करतो."

"लग्नात माझा कान पिळलास तो आता लाड करायला निघालास," कानसेन म्हणाला. "मी वर जातो. मला चिमटा लावता येतो."

चौथ्या मजल्यापर्यंत त्याला मध्ये एकदा कठडा धरून थांबावं लागलं. वर पोचून तो टेबलाखाली वाकला, चिमटा तपासला आणि फोन कानाशी धरून बसला. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मेहुणा नवखा होता, त्याला वेळ लागणारच.

"दाजी, मिळाली वाटतं. कापू?"

"वाटतं नको. शेजारच्या दोन्ही परत ऐक."

कानसेनने मोकळ्या हाताने चिमटा दाबून धरला.

"हीच आहे."

"काप मग."

मजल्यावर कुणी ओरडलं नाही. फोन वाजत राहिले, लोक बोलत राहिले. कानसेनने चिमटा काढला. उठायला म्हणून त्याने टेबलाची कड धरली, पण पुढचं टेबल हाताच्या अंतरावर होतं. तो गुडघ्यांवरच सरकला. तिथे एक मुलगी काम करत बसली होती.

"ताई, जरा पाय वर घेता का?"

तिने स्क्रीनवरची नजर न काढता पाय वर घेतले, आणि कानसेन टेबलाखाली शिरला.