भांड्यावानी चकचकीत

या, पुढं सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. देवळात सांगावी की नाही, असं मनात येतं. पण कीर्तनात तरी आपण काय ऐकतो? कोणाचे हाल झाले आणि तेव्हा देव कुठं होता, हेच ना?

हिंगणीच्या पलीकडे, बोर नदीच्या अंगाला आमचं गाव. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात काळी माती अशी धरायची, की पाय उचलला तरी चप्पल खालीच राहायची. एसटी बंद. त्या चिखलातून वर्ध्याला जाईल अशी गाडी एकच, मनोहररावांची जुनी जीप. तीही गोठ्यात पडून होती. गिअरच पडत नव्हता.

मनोहररावांचा सालदार नत्थू, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याची बायको पंचफुला, दिवस भरत आलेली. नर्सबाई पोट तपासून सांगून गेली होती, "मूल आडवं आहे. कळा लागायच्या आत वर्ध्याला न्या. बैलबंडीच्या हिसक्यात नेऊ नका."

नत्थूनं मालकाच्या पायरीशी हात जोडले.

"जीप सुदरली का नेजो," मनोहरराव म्हणाले. "पन मिस्त्री म्हनते, साफ केल्याबिगर हात लावत नाई. घासा तुमीच नवराबायको."

मिस्त्री म्हणजे आर्वीचा ओमप्रकाश. त्यानं गिअरबॉक्स उतरवून, खोलून पोत्यावर मांडला होता. त्यावर बोटभर काळा चिकटा, कैक वर्षांची धूळ मुरलेला. "रॉकेलनं धुजा नत्थूभाऊ, मी उद्या येतो," एवढं बोलून तो गेला.

नत्थू रॉकेल मागायला गेला, तेव्हा मालक पानाला चुना लावत होते.

"रॉकेल? कंदिलाले पुरत नाई, अन् लोखंडाले आंघोळ घालतं काय बे? तुह्या घरी भांडे कायनं घासता?"

"राखेनं, मालक."

"मंग राखेनंच घास. भांड्यावानी चकचकीत पायजे मले. नाई झालं त नेजो बायकोले डोक्यावर!"

बैठकीतले चारजण खो खो हसले.

आता भांडी घासण्यात गावात पंचफुलेचा हात कोणी धरत नसे. सप्त्यातली पितळेची मोठाली गंजं-पातेली तीच उजळायची. आपलं तोंड पाहून घ्यावं त्यात. ती पोट सावरत बसली. चुलीतली राख, विटेचा चुरा, चिंच, नारळाची शेंडी, सगळं जवळ घेतलं.

"तू नको वाकू व माय," शेजारची आमची भागीरथा कुंपणावरून ओरडली. "नत्थू घासंन."

"त्याइले काय जमते वो काकू? कोपऱ्यात घान तशीच ठेवते थे. ह्या गाडीत मलेच जा लागते ना? माह्या लेकराचा पाळना हाय समजा. लखलखीत करतो."

एकेका दातऱ्यातून तिनं मळ कोरून काढला. बेअरिंगच्या गोळ्यांमधून राख फिरवली. बोटांची सालं निघाली, तरी तोंडात विठ्ठलाचं नाव. मग तांब्यानं पाणी ओतलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पाहा! चांदीचा देव झाला का नाई?"

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश पाहतच राहिला. "वा भाभी! क्या चमकाया है!" त्याला वाटलं, रॉकेलनंच धुतलं. त्यानं गिअरबॉक्स चढवला, तेल भरलं. गिअर पडला.

त्याच दुपारी कळा सुरू झाल्या. पण भीती कसली, गाडी दारात होती. ओमप्रकाश चालवायला बसला, मागं पंचफुलेला मांडीवर घेऊन भागीरथा, पुढं नत्थू.

हिंगणीच्या अलीकडे चढ लागतो. चिखलात चाकं फिरली, ओमप्रकाशनं गिअर बदलला, आणि आतून जात्यात खडे भरडावे तसा आवाज आला. मग सगळं गच्च. ना पुढं, ना मागं.

त्यानं वरचं झाकण खोललं, आत बोट घातलं. तेलाचा करडा लगदा झालेला. चिमटीत चोळून पाहिला.

"अरे, राख हाय ही! नत्थूभाऊ, कोनं घातली?"

दोन कळांच्या मधे पंचफुलाच म्हणाली,

"म्या... लय मनापासून घासलं होतं, भाऊ."

नत्थू चिखल तुडवत बंडी आणायला पळाला. बंडी आली, तेव्हा ओमप्रकाश दूर बांधावर पाठ फिरवून बसला होता आणि भागीरथेनं आपल्या पदरानं पंचफुलेचं तोंड झाकलं होतं. मूल पोटातच राहिलं.

मनोहरराव नत्थूच्या घरी भेटायला आले. ओट्यावर बसले, तंबाखू मळली. बैठकीतले ते चारजणही सोबत होते.

"काय बे नत्थू, राखेनं कोनी गिअरबॉक्स घासते काय? अडानी ते अडानीच राह्यले तुमी. माही गाडी खाल्ली ना लेका."

चौघांनी मालकाच्या तळहातावरची तंबाखू चिमटीनं उचलली. नत्थूनं मालकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"चुकलं, मालक," तो म्हणाला.

आता टाळ घ्या हाती. गजर सुरू झाला की आपण आपापली गेलेली माणसं मनात आठवतोच. त्यात आज एक नाव जास्त घ्या बापा. पंचफुला, नत्थू सालदाराची. तिच्या लेकराला तर घ्यायला नावही नाही.