पेंड-डिझेलच्या घरातलं विमानाचं कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. जुनं म्हणजे अगदी बाद झालेलं. कात्रीनं मधोमध कापून माझे दोन तुकडे केले आहेत. एक तुकडा कुठे गेला ते मला ठाऊक नाही. दुसरा, म्हणजे हा बोलणारा, कोल्हारला गोजरबाईंच्या स्वयंपाकघरात परातीला चिकटलेली कणीक खरवडायच्या कामाला आहे. बालमित्रांनो, एवढं ऐकून हळहळू नका. मी रडगाणं गायला बसलेलो नाही, मला भांडायचं आहे. माझ्या माघारी लोक मला ‘फसवं कार्ड’ म्हणतात, आणि ते मी मुळीच ऐकून घेणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका शहराजवळच्या कारखान्यात झाला. गडद निळा रंग, सोनेरी चिप आणि कोपऱ्यात वर झेपावणारं रुपेरी विमान. काय रुबाब होता माझा! दर महिन्याला विमानानं फिरणाऱ्या माणसांसाठी मला घडवलं होतं. तिकीट काढलं, हॉटेलात उतरलं, की मी भरभरून पॉइंट देणार. इतर खरेदीवर चिमूटभर देणार. आणि डिझेलवर काहीच नाही. यातलं काहीही मी लपवलं नव्हतं. माझ्याबरोबर पाकिटात आलेल्या पत्रकावर सगळं छापलं होतं. अक्षर बारीक होतं हे मान्य, पण ती अक्षरंच होती, मुंग्या नव्हत्या.

संगमनेरच्या एका कृषी प्रदर्शनात टाय लावलेला एक माणूस टेबल मांडून बसला होता. माझा एक नमुना त्यानं दर्शनी भागात ठेवला होता. तिथं आदिनाथ आला. आदिनाथ म्हणजे गोजरबाईंचा मुलगा. घरी गायींचा गोठा, त्यांच्या खुराकाला पेंड, थोडा ऊस, आणि वस्त्यांवरचं दूध डेअरीला पोचवायला एक टेम्पो. तो खरं तर धार काढायचं यंत्र बघायला आला होता. टायवाला म्हणाला, “दादा, हे घ्या. तुम्ही नुसता खर्च करायचा, विमान फुकट!”

आता या आदिनाथची गंमत ऐका. लोणी गावच्या गुरांच्या बाजारात गाय घेताना हा माणूस तिचे दात बघतो, कास बघतो, तिला चालवून बघतो, दोन वेळा धार काढून बघतो आणि तरीही मान हलवत परत येतो. तोच माणूस माझ्यावरचं विमान बघून भुलला. मी कशावर किती देतो, वर्षाची फी किती, त्याच्या घरी महिन्याला खर्च कशावर होतो, यातलं त्यानं काहीही विचारलं नाही. टायवाल्यानंही सांगितलं नाही. सही केली आणि मोकळा झाला.

पुढे मी टपालानं घरी आल्यावर त्यानं मला आईच्या हातात ठेवलं. शिर्डीजवळच्या काकडी गावच्या विमानतळाकडे जाणारी विमानं गोजरबाईंच्या गोठ्यावरून जात. संध्याकाळी धार काढताना आवाज आला की त्या हातातलं काम थांबवून वर बघत. त्यांनी मुलाकडे कधी पाटल्या मागितल्या नाहीत, तीर्थयात्रा मागितली नाही. एकदा विमानात बसायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

“आई, ह्या कार्डावर तुला विमानात बसवतो,” आदिनाथ म्हणाला. “घरातला एक रुपाया जानार न्हाई. सारं बक्षिसातनं.”

गोजरबाईंनी ते खरं मानलं आणि आळीभर सांगितलं. शेजारी राहणारे त्यांचे दीर सहादेव पोट धरून हसले. “वहिनी, पेंड खाऊन इमान उडतं व्हय?”

“उडंल! तुमी बघत ऱ्हावा,” गोजरबाई म्हणाल्या.

मला त्या घरानं जीव लावला हे मी नाकारणार नाही. पहिल्याच खंडेनवमीला गोजरबाईंनी कोयता, दुधाची किटली, धारेचं यंत्र आणि टेम्पोची किल्ली यांच्या रांगेत मला पाटावर बसवलं. हळदीकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. नेमकं चिपवरच बोट टेकलं त्यांनी! दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या पंपावर मशीन मला ओळखेना. मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि आदिनाथ थुंकी लावून माझी हळद पुसतोय. लाजलो मी, पण मनातून सुखावलोही. विमानवाल्या साहेबांच्या पाकिटात कोणी माझी पूजा केली असती का?

मग कामाचे दिवस सुरू झाले. रोज टेम्पोचं डिझेल, आठवड्याला किराणा, मधूनच गायींची औषधं. पेंडवाला तर मला हातही लावत नव्हता. त्याच्या दुकानात मशीनच नव्हतं. मी राबत होतो, पण पॉइंट काही वाढत नव्हते. कसे वाढणार? वर्षभरात त्या घरातल्या कोणी हॉटेलच्या खोलीत पाठ टेकली नव्हती.

वर्ष सरलं, पुन्हा खंडेनवमी आली. आदिनाथची बायको पंकजा हिनं मोबाईलवर माझे पॉइंट उघडले. कोपरगावची, कॉमर्स शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. तिनं आकडा पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. सहादेव तिथंच चहा पीत होते.

“सांग की सूनबाई, कुठवर जातंय इमान?”

“एक पाण्याची बाटली येईल,” पंकजा म्हणाली.

सहादेव इतके हसले की चहा बशीत सांडला. आदिनाथचं तोंड पडलं. तो माझ्यावर उखडला. “कार्डच फसवं निघालं! जाऊ दे आई, उद्या रोखीनं तिकीट काढतो तुजं.”

“खबरदार!” गोजरबाई कडाडल्या. “दुधाच्या पैशाला हात लावशील तर. बक्षिसातनं बसणार म्हनले हुते, बक्षिसातनंच बसणार. न्हाईतर ह्या जन्मात बसणार न्हाई.”

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईनं सगळ्या आळीत शब्द टाकला होता, आणि तो शब्द माझ्यापायी खाली पडत होता. मला ओरडावंसं वाटलं, की अरे, मी फसवलं नाही, मला कोणी विचारलंच नाही! पण प्लास्टिकला तोंड नसतं.

गोजरबाईंनी मग पूजा मांडली. कोयता ठेवला, किटली ठेवली, यंत्र ठेवलं, किल्ली ठेवली. मला हातात घेतलं आणि थबकल्या. “कोयता ऊस तोडतोय. किटली दूध वाहतीय. ह्याचं आपल्या घरात काम काय गं, पंकजा?”

त्यांनी मला पाटावर ठेवलं नाही. बाजूला, जमिनीवर ठेवलं. असा अपमान माझा कधी झाला नव्हता. पण प्रश्न बरोबर होता, आणि तो पंकजाला लागला. पूजा उरकताच तिनं कपाटातून ते पत्रक शोधून काढलं आणि ओसरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला वाचणारं ते पहिलं माणूस.

मग तिनं नवऱ्याला समोर बसवलं. “अहो, आपला महिन्याचा खर्च सांगा बरं. सगळ्यात जास्त कशावर?”

“डिझेल. मग पेंड. मग किराणा.”

“पेंडीचं सोडा, तिथं कार्डच चालत न्हाई. ऱ्हायलं डिझेल आणि किराणा. ह्याच्यावर पैसे परत देनारं कार्ड पायजे आपल्याला. आणि वर्षाची फी त्या बक्षिसाहून कमी पायजे. ह्याची वर्षाची फी आपण भरली, अन् हातात बाटली!” तिनं मला उचललं. “हे कार्ड वाईट न्हाई. आपल्या घरचं न्हाई, एवढंच.”

ऐकलंत? पुढे जिनं मला कापलं, तिनंच माझी बाजू घेतली. मग बाकीच्यांनी मला नावं ठेवायचं काय कारण?

दोघी सासू-सुना संगमनेरला बँकेत गेल्या. तिथले साहेब समजूत घालू लागले. “मॅडम, हे आमचं उंची कार्ड आहे. तुम्ही मागताय ते अगदी साधं. त्यापेक्षा असं करा, महिन्याचा खर्च जरा वाढवा. पॉइंट आपोआप वाढतील.”

“बक्षिसापायी खर्च वाढवू?” गोजरबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. “म्हंजे शेणासाठी गाय पाळू व्हय, साहेब? आमचा खर्च हाय त्योच ऱ्हानार. त्याला बसंल असं कार्ड द्या. न्हाईतर दुसरी बँक दाखवा.”

रांगेतली माणसं हसली, पण या खेपेला ती साहेबांना हसली. पंकजानं शांतपणे पुढचं विचारलं. कुठल्या पंपावर चालतं? महिन्याला जास्तीत जास्त किती परत मिळतं? पैसे खात्यात येतात की नुसतं कुपन? सगळी उत्तरं मिळाल्यावरच तिनं सही केली.

नवं कार्ड आलं. राखाडी, ना चित्र ना चमक. मी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? माझ्या शिल्लक पॉइंटांची बाटली मागवून झाली, खातं बंद झालं आणि पंकजानं कात्री घेतली. मी डोळे मिटले नाहीत. कच्च करून आवाज झाला, बस्स. एक तुकडा गोजरबाईंनी उचलला. “कनीक खरवडाया बरं हाय,” म्हणाल्या. त्या दिवसापासून मला माझं काम मिळालं, आणि ते मी चोख करतो.

त्या राखाडी कार्डाचं काम मी परातीपाशी बसून पाहिलं. डिझेल भरलं की थोडं परत. किराणा भरला की थोडं परत. पंकजानं दोन नेम पाळले. आलेलं बिल मुदतीच्या आत पुरतं भरायचं, नाहीतर व्याज बक्षिसाला गिळतं. आणि परत आलेली रक्कम त्याच दिवशी सासूच्या खात्यात टाकायची, नाहीतर ती मीठ-मिरचीत विरघळून जाते. एका तिकिटापुरतं जमलं तेव्हा आदिनाथ नाचायलाच लागला.

गोजरबाई म्हणाल्या, “थांब. दोन तिकिटांचं व्हऊ दे. पत्रक वाचलं पंकजानं, अन् उडू एकली मी?”

सहादेवांना आणखी जोर चढला. येता-जाता वर बघायचे आणि विचारायचे, “वहिनी, आज गेलं का तुमचं?” गोजरबाई खाली मान घालून धार काढत राहायच्या. मी मात्र परातीत दात-ओठ खायचो.

अखेर दीडेक वर्षानं, उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघी काकडीहून हैदराबादला निघाल्या. गोजरबाईंनी नऊवारी नेसली, नवी चप्पल घातली. आदिनाथला गायींमुळे जाता आलं नाही. तो त्या संध्याकाळी गोठ्याबाहेर उभा राहिला. विमानाचा आवाज आला, तसं त्यानं टोपी काढून वर हात केला आणि लहान मुलासारखा रडला. एरवी मी त्याच्यावर रागावलेला असतो. त्या दिवशी नव्हतो.

चार दिवसांनी त्या परतल्या. सगळी आळी ओसरीवर जमली. सहादेव पुढंच होते. त्यांनी जरा खाकरून विचारलं, “मग वहिनी? काय काय दिसलं वरनं?”

“लई दिसलं. नदी दिसली, उसाची रानं दिसली, ढग तर पायाखाली,” गोजरबाई म्हणाल्या. “पन भाऊजी, खाली कोन हसतंय, ते वर ऐकू येत न्हाई.”

सहादेव जागेवरून उठले. मग त्यांनी वाकून वहिनींच्या पायाला हात लावला आणि हळूच पंकजाला विचारलं, “सूनबाई, माजा खर्च बघून मला बी एखादं कार्ड सांगशील का?”

तर मित्रांनो, आता निवाडा तुम्हीच करा. मी विमानाचं कार्ड होतो, पेंड-डिझेलच्या घरात आणलं गेलो, आणि जे देईन म्हणालो होतो ते पै न पै दिलं. उद्या तुम्ही मोठे व्हाल. टायवाली माणसं तुमच्यापुढेही चकचकीत कार्डं मांडतील. तेव्हा आधी स्वतःचा महिन्याचा खर्च बघा, मग कार्डाचं तोंड बघा. माझी कीव करू नका, मला नावंही ठेवू नका. मला कापलं याचं दुःख मला नाही. मला न वाचता घेतलं, त्याचा राग मात्र जाणार नाही.