एकच नारळ

"काका, आर्ट्स का सायन्स, तेवढं एका शब्दात सांगा," पृथ्वीराज म्हणाला. "फ्लेक्स संध्याकाळी छापायला जायचाय."

हंबीररावांची नजर चुलवाणावरच्या काहिलीवर होती. तिच्यातला रस घट्ट होत आला होता. अशा वेळी देवानं हाक मारली असती तरी त्याला थांबावं लागलं असतं. पृथ्वीराज तर नुसता तरुण मंडळाचा सेक्रेटरी होता. हंबीरराव गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस आटत असताना नेमक्या क्षणी 'काढा' म्हणणं, एवढंच गुळव्याचं काम. लवकर म्हटलं तर गूळ बसत नाही, उशिरा म्हटलं तर करपतो. कागलच्या पट्ट्यात उभ्या जन्मात हंबीररावांनी त्या एका शब्दापलीकडे फारसं काही म्हटलेलं नव्हतं.

"आता बोलाय लागलाय," ते काहिलीकडे बघत पुटपुटले. मग जरा वेळानं म्हणाले, "काढा."

गड्यांनी काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. हंबीररावांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि पृथ्वीराजकडे वळले.

"हं. काय म्हनत हुतास?"

"सव्वीस जानेवारीला गुणवंतांचा सत्कार हाय. तुमच्या तेजस्वीला कुठल्या गटात घालू? सायन्सला शाल, ट्रॉफी, नारळ. कॉमर्सला शाल, नारळ. आर्ट्सला नारळ."

"आणि दोन्ही असलं तर?"

"दोन्ही कसं असंल? गाडी एकतर डिझेलची असती, न्हायतर पेट्रोलची."

हा प्रश्न हंबीररावांना नवा नव्हता. पोरीनं कोल्हापूरच्या कॉलेजात कला-विज्ञान संयुक्त पदवीला नाव घातलं, तेव्हापासून तो त्यांच्या मागं होता. रसायनशास्त्र आणि भाषाशास्त्र असे तिचे विषय. गावात 'सायन्स' म्हणून सांगितलं की लोक विचारत, "मग डॉक्टर कवा हुनार?" 'आर्ट्स' म्हटलं की लोक आवाज खाली आणत आणि म्हणत, "असू दे, पोरगी गुणाची हाय." दोन्ही म्हणून सांगितलं तर, "म्हंजे ना धड हिकडं, ना धड तिकडं." पाहुण्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की मार्क कमी पडले असणार आणि कॉलेजानं लांबलचक नाव देऊन ते झाकलं असणार.

कॉलेजात तरी फार वेगळं होतं असं नाही. प्रयोगशाळेत तिला 'कवयित्री' म्हणत आणि मराठी विभागात 'इंजिनियर'. तिनं आयुष्यात कविता केली नव्हती आणि इंजिनही उघडलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी ती बाप गुळव्या असलेल्या गुऱ्हाळावरच येऊन बसली. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात मोबाइल. रस किती तापला ते टिपायचं आणि त्या वेळी तिचे आप्पा काय पुटपुटले तेही. गुळव्यांची बोली आणि गुळाचं रसायन, असा विषय. आप्पा "बोलाय लागलाय" म्हणतात तेव्हा काहिलीत काय चाललेलं असतं, "रुसलाय" म्हणतात तेव्हा काय बिघडलेलं असतं. प्रकल्पाला दोन मार्गदर्शक होते. रसायनच्या सरांनी सुचवलं, शब्द परिशिष्टात टाका. मराठीच्या मॅडमनी सुचवलं, आकडे परिशिष्टात टाका. दोघांचं ऐकलं असतं तर प्रकल्पात नुसतं परिशिष्टच उरलं असतं. तेजस्वीनं कुणाचंच ऐकलं नाही. शब्द आणि आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवले आणि तोंडी परीक्षेत दोघांशी भांडून ते तिथंच राहू दिले. पहिल्या वर्गात पास झाली. गेल्याच आठवड्यात पदवी हातात पडली होती.

हे सगळं हंबीररावांना ठाऊक होतं. पण घरच्या शोकेसमध्ये काचेचा एक मोर आणि पतसंस्थेनं दिलेलं एक घड्याळ, एवढंच होतं. ट्रॉफी नव्हती.

"सायन्समध्ये घाल," ते म्हणाले.

घरी तेजस्वीनं ते ऐकलं आणि भाकरी मोडता मोडता थांबली.

"मग मी येत नाही आप्पा. तुम्ही जावा."

कोल्हापुराकडच्या पोरी पोरांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तिथल्या व्याकरणाला कुठली एक शाखा निवडायची सक्ती नाही. चार वर्षं भाषाशास्त्र शिकूनही तेजस्वीनं ते बदललं नव्हतं. घरात नेहमी ती 'येतो' म्हणायची. आज 'येत नाही' म्हणाली, त्यात शब्दांचा फार फरक नव्हता. सुरात होता.

"का? खोटं हाय का? सायन्स केलंसच की."

"म्हंजे अर्धंच केलं व्हय?"

"बरं, दोन्हीत घालाय सांगतो. डबल डिग्री. दोन नारळ."

"डबल नव्हे हो. एकच हाय. दोन म्हटलं की दोन्ही अर्ध्या वाटत्यात."

"आगं, ट्रॉफी हाय सायन्सला."

"ट्रॉफीसाठी मी चार वर्षं एसटीत उभा राहून गेलो व्हय?"

हंबीरराव जेवण उरकून उठले. "शब्द दिलाय मी पृथ्वीराजला," एवढंच दारातून म्हणाले. बापाची मान खाली जायला नको, म्हणून ती येईल. आल्यावर उठेल की नाही, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहिला. व्यासपीठावर एमआयडीसीतले एक कारखानदार प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते आणि त्यांच्या शेजारी गुऱ्हाळाचे मालक नेमिअण्णा. फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो होते आणि त्यांच्या एकूण आकारापेक्षा मोठा पृथ्वीराजचा होता. तेजस्वी आईशेजारी बसली होती. तिनं कॉलेजच्या समारंभाची साडी नेसली होती, म्हणून हंबीररावांना आशा वाटत होती.

"विज्ञान शाखा," पृथ्वीराजनं पुकारलं, "कुमारी तेजस्वी हंबीरराव."

टाळ्या पडल्या. तेजस्वी उठली नाही.

पृथ्वीराजनं माइकवर टिचकी मारली आणि नाव पुन्हा पुकारलं. पाहुणे ट्रॉफी हातात धरून उभे होते. माना वळल्या. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेजस्वी समोर बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती खात्री होती. ती नजर हंबीररावांनी ओळखली. काहिलीपुढं उभं राहिलं की त्यांचीही तशीच होत असे. सगळे 'काढा काढा' म्हणत असतात आणि आपल्याला माहीत असतं, अजून नाही.

ते उठले आणि व्यासपीठावर गेले. पोरीच्या वतीनं घ्यायला आले, असं वाटून पाहुण्यांनी ट्रॉफी पुढं केली. हंबीररावांनी ती घेतली नाही, माइक घेतला.

"ती सायन्स न्हाय," ते म्हणाले.

"मग आर्ट्स काय?" समोरून कुणीतरी विचारलं.

"आर्ट्स बी न्हाय."

"मग नापास का काय?" मागून आवाज आला आणि मंडप हसला.

हंबीरराव थांबले. उकळी आपोआप बसते, तिच्यावर ओरडून बसत नाही, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

"कारखान्यात ऊस जातोय," मंडप गप्प झाल्यावर ते म्हणाले. "तितं साखर येगळी काढत्यात, मळी येगळी काढत्यात. आमच्या गुऱ्हाळात तसं न्हाय. उसात ज्ये गोड हाय त्ये समदं एकाच ढेपंत येतंय. आता त्या ढेपंला इचारा, बाई, तू साखर का मळी? ती काय सांगंल? म्हनंल, मी गूळ हाय." त्यांनी घसा साफ केला. "पोरीनं गूळ केलाय. नाव घ्यायचं तर त्येचं घ्या."

"बराबर हाय की," नेमिअण्णा खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले. त्यांना पदवीचं कळलं होतं असं नाही, पण गुळाबद्दल गुळव्याशी वाद घालायचा नाही हा त्यांचा जुना नियम होता.

पृथ्वीराज कानाशी येऊन कुजबुजला, "काका, ट्रॉफीवर 'विज्ञान शाखा' कोरलंय. आता ही देता यायची न्हाय."

"असू दे. ठेव."

मग कॉमर्स झालं, आर्ट्स झालं. शेवटी 'इतर' असा गट होता. त्यात तालुक्याला कुस्ती जिंकलेला एक पैलवान, दुधात पहिल्या आलेल्या म्हशीच्या मालकीण चिमणाबाई, आणि तेजस्वी. "कला-विज्ञान संयुक्त पदवी, रसायनशास्त्र व भाषाशास्त्र, प्रथम वर्ग," पृथ्वीराजनं एका दमात वाचलं आणि दम खाल्ला. एवढं लांब बिरूद गावात आजवर फक्त पुढाऱ्यांना लागलं होतं. तेजस्वी उठली, ताठ चालत गेली आणि ओंजळीत नारळ घेतला.

"तू गं कशात आलीस?" शेजारी उभ्या चिमणाबाईंनी विचारलं.

"गुळात, आज्जी."

"मग झ्याक हाय की."

परत जाताना हंबीररावांनी टेबलाकडे एकदा बघितलं. ट्रॉफी तिथंच होती, उन्हात चमकत. नंतर त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर नवी काहील चढायची होती. गडी जमले, हळद-कुंकू झालं आणि नेमिअण्णांनी कपाळावर हात मारला.

"नारळ ऱ्हायला बग. हंबीर, तुझ्या घरात कालचा हाय न्हवं? आन जा, फोडू."

हंबीरराव काहिलीच्या काठावरून बोट फिरवत होते.

"त्यो न्हाय फोडायचा," ते म्हणाले.

"का रं?"

"फोडला की दोन हुत्यात."

 नेमिअण्णांनी गाडीला किक मारली आणि दुसरा नारळ आणायला ते स्वतःच दुकानाकडे गेले. चुलवाण थंड होतं. गडी बसून राहिले. हंबीररावांनी 'काढा' तर सोडाच, 'पेटवा' सुद्धा म्हटलं नाही.

घरी शोकेसमध्ये मोर नारळाएवढा बाजूला सरकला होता.