लिबोरियोचं आमंत्रण

सासा मान्जाला लिबोरियो जुना ट्रक दाखवायला घेऊन गेला होता आणि ताटो बुफाला नवी वाईन चाखायला. सासा दुसऱ्या दिवशी बीटाच्या शेतात पालथा सापडला, ताटो पुलाखाली. दोघांच्याही मयतीला सगळ्यांत मोठं फुलांचं चक्र लिबोरियोने पाठवलं आणि शवपेटीला खांदाही त्यानेच दिला. अमेरिकेतल्या प्वेब्लो गावी आमच्या सिसिलियन वस्तीत यावर कोणी ब्र काढला नाही. पोलीस आले तेव्हा सगळ्या गल्लीला इंग्रजी येईनासं झालं, आणि ज्यांना खरोखरच येत नव्हतं त्यांनी नुसते खांदे उडवले.

त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी लिबोरियो स्कालिची हातात चीजचा गोळा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तो कशाला आलाय हे निन्फाला लगेच कळलं. सासा, ताटो आणि तिचा नवरा गास्पारे, तिघांनी मिळून बीटाच्या साखरेची दारू गाळून परस्पर खाणीतल्या मजुरांना विकली होती. परस्पर म्हणजे म्हाताऱ्याला, लिबोरियोच्या टोळीच्या म्होरक्याला, न विचारता. या टापूत दारूचा थेंब गळायचा तो म्हाताऱ्याच्या परवानगीने. सरकारने बंदी घातली होती, पण सरकारला कोण विचारतो? म्हाताऱ्याला मात्र विचारावं लागे. तिघांतले दोन गेले होते आणि आता तिसऱ्याच्या घरी लिबोरियो जेवायला आला होता.

"या, या!" गास्पारे ओरडला. "निन्फा, ताट वाढ. आज शेंगा आणि सॉसेज आहे, बोटं चाटत बसाल."

निन्फाने ताट वाढलं. गास्पारे बोलत सुटला. पोलादाच्या कारखान्यात कोणाचं बोट कापलं, स्लोवेनियन लोकांच्या लग्नात कोण मांडवातच आडवा झाला, एक ना दोन. माणूस मनाचा सोन्यासारखा, पण डोकं देताना देवाने हात आखडता घेतला, असं निन्फाचं तीन वर्षांच्या संसारानंतरचं पक्कं मत होतं. साक्षात मृत्यू समोर बसून सॉसेज चघळतोय आणि हा त्याला आणखी वाढायला सांगतोय. तिला भांडं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

लिबोरियो शांतपणे जेवला. बोलणं त्याला मुळात कमीच. पावाने ताट पुसून घेतलं, तोंड पुसलं आणि सहज म्हणाला, "गास्पा, रविवारी पहाटे येतोस का? माळावर ससे फार झालेत म्हणे."

"ससे? अरे वा! येतो की!" गास्पारे म्हणाला. "बंदूक आणू का?"

"नको. माझ्याकडे आहेत दोन."

निन्फा चुलीपाशी उभी होती. हातात तीन आठवड्यांची पोर. डोकं भराभर चालत होतं. हातापाया पडून उपयोग नव्हता. हातापाया पडणं म्हणजे आपल्याला सगळं कळलंय हे कबूल करणं, आणि मग तो रविवारपर्यंतही थांबला नसता. पळून जावं तर गल्लीच्या दोन्ही टोकांना म्हाताऱ्याची माणसं. मग तिने जे केलं त्याचा विचार तिने केला होता की नाही, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. ती टेबलापाशी गेली आणि तिने पोर सरळ लिबोरियोच्या मांडीवर ठेवली.

"डॉन लिबोरियो, एक मागायचं होतं. मागू का?"

लिबोरियोने पोरीकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात हवेतच राहिले होते.

"हिचा बाप्तिस्मा राहिलाय. तुम्ही हिचे धर्मबाप व्हा. या शनिवारी."

 आमच्यात धर्मबाप होणं ही काही केक कापून जाण्यासारखी गोष्ट नाही. ज्याने बाप्तिस्म्याला पोर हातात घेतलं तो पोराच्या बापाचा कुंपारी झाला, आणि दोघांच्या मध्ये खुद्द बाप्तिस्म्याचा संत योहान उभा राहिला. सख्ख्या भावाचा खून करणारे लोक आमच्या गावी सापडतील. कुंपारीवर हात उचलणारा सापडला, तर त्याच्या हातचं पाणी त्याची आईसुद्धा पिणार नाही. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणणं हेही पाप. तो नकार पोराला लागतो.

"अगं, पण आपण कोझिमोला विचारलंय ना!" गास्पारे एकदम म्हणाला. "किराणावाला कोझिमो! त्याने हो म्हटलंय, कपडे शिवायला टाकलेत त्याने!"

"कोझिमोला कावीळ झालीय," निन्फा म्हणाली.

"कधी? सकाळी तर दुकानात होता."

"दुपारी झाली."

"पण निन्फा, दिलेला शब्द—"

"गास्पारे, तू गप्प बस!"

लिबोरियो निन्फाकडे बघत होता.  तिने नजर खाली घातली नाही. तो मूर्ख नव्हता. या बाईने काय मागितलं ते त्याला पुरतं कळलं होतं.

"रविवारी दुपारी नाही चालणार?" त्याने विचारलं. "बाप्तिस्मे रविवारीच असतात."

"पोर नाजूक आहे. रविवारपर्यंत धीर नाही."

त्याने पोर अलगद उचलून तिला परत दिली, टोपी घातली. "बघतो," एवढंच म्हणाला आणि गेला. गास्पारे मात्र रात्रभर कोझिमोचं पालुपद लावून बसला होता. कोझिमो किती भला माणूस, किती देवभीरू, त्याची बायको पोरीला कशी पोटच्यासारखी वागवेल. निन्फाने भिंतीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं.

शुक्रवारी सकाळी व्हिता सुईण पोरीला बघायला आली तेव्हा निन्फाने तिला सगळं सांगून टाकलं. व्हिताने अर्धी वस्ती आपल्या हाताने जगात आणली होती आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीची गुपितं तिच्या पोटात होती. ती ऐकत राहिली, मग कपाळावर हात मारून हसायला लागली.

"लिबोरियोच्या मांडीवर! बाई गं, तुझ्या छातीला काय म्हणावं!"

"हसू नका हो. शनिवारी पाद्री तयार होईल का? मला तर अजून उंबरा ओलांडता येत नाही." बाळंतिणीने शुद्धीचा आशीर्वाद घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नसतं आणि पोर चर्चमध्ये न्यायची ती सुईणीने, असा आमच्याकडचा रिवाज.

"पाद्रीला मी बघते. पोर दूध ओढत नाही, डोळे फिरवते, असं सांगेन."

दोघींनी पोरीकडे पाहिलं. ती असं दूध पीत होती की घोटांचा आवाज दारापर्यंत जावा.

"देव माफ करील," व्हिता म्हणाली.

शनिवारी दुपारी व्हिताने पोरीला झालरीच्या झबल्यात गुंडाळलं, गास्पारेने लग्नातला कोट चढवला आणि ते निघाले. लिबोरियोकडून हो नाही की नाही नाही. यायचा असेल तर परस्पर चर्चमध्ये येणार. निन्फाने दार लावलं आणि सॉसमध्ये पळी फिरवत बसली.

पहिल्यांदा तिला भीती होती ती एवढीच, की तो येणारच नाही. मग जसजसा वेळ गेला तसतशी दुसरी, त्याहून वाईट भीती वर आली. तो आला असेल तर? चर्चच्या दारात उभा राहून म्हणाला असेल, "गास्पा, जरा चल, पाद्री यायला वेळ आहे, कोपऱ्यावर एक काम आहे," तर? आणि गास्पारे, तो बावळट, हसत हसत गेला असेल. रविवारचं मरण तिने आपल्याच हाताने शनिवारवर आणलं असेल. कारखान्याचा भोंगा वाजला, पाळी सुटली. माणसं डबे हलवत घरी परतायला लागली, समोरच्या बाईने वाळत घातलेले कपडे काढले, तरी चर्चच्या बाजूने कोणी येईना. सॉस खाली लागला. निन्फाला वास आला, पण जागचं उठवेना.

मग गल्लीतल्या बायका एकेक करून दारात यायला लागल्या.

पुढे लिबोरियो होता. काळा कोट, नवी टोपी, आणि दोन्ही हातांवर झालरीचं गाठोडं. काचेचं सामान न्यावं तसा एकेक पाऊल जपून टाकत होता. मागे व्हिता धापा टाकत येत होती. आणि तिच्या मागे, दोन पायांवर, अगदी जिवंत, गास्पारे. निन्फाचा जीव भांड्यात पडला. 

लिबोरियो उंबऱ्यात थांबला. "कुम्मारी," तो म्हणाला, आणि कुंपारीच्या बायकोला मारायची ही हाक त्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी मारली, "तुमच्याकडून बिनधर्माची नेली होती, ख्रिस्ती करून आणली. घ्या." मग मागे वळून त्याने गास्पारेला वाट करून दिली. "कुंपारी, आधी तुम्ही या आत." काल-परवापर्यंतचं अरे-तुरे संपलं होतं. कुंपारीला आमच्यात मानानेच हाक मारायची असते, मग तो लहानपणचा मित्र का असेना.

"उशीर का झाला?" निन्फाने व्हिताला कानात विचारलं.

"पाद्री! पोर मरायला टेकलीय म्हणून धावत आला आणि हिचे गाल बघून माझ्यावर बरसला. अर्धा तास मला पापांची यादी ऐकवली. लिबोरियो आपला खांबासारखा उभा. शेवटी हाच म्हणाला, फादर, बाईला नंतर रागवा, आधी पाणी घाला."

जळका सॉस कोणी मनावर घेतला नाही. तिळाची बिस्किटं फिरली, साखरेत घोळवलेले बदाम फिरले, शेजारचा एकजण ॲकॉर्डियन घेऊन आला. लिबोरियो आपणहून स्वयंपाकघरात आला आणि पेला पुढे केला. निन्फाने वाईन ओतली. 

"सासाची बायको मला बघून नेहमी खुर्ची पुढे करायची," तो हळूच म्हणाला. "तिला कळलं नव्हतं, की कळूनही काही सुचलं नव्हतं, कोण जाणे. दहा वर्षांत माझ्या हातात कोणी पोर दिली नाही, कुम्मारी. मी दिसलो की बायका पोरं आत घेतात."

"मी पण घेतलीच असती," निन्फा म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

तो हसला. पहिल्यांदाच हसताना दिसला. "म्हाताऱ्याला सांगून आलोय. मध्ये संत योहान आहे, माझ्याच्याने होणार नाही. त्याने शिव्या दिल्या, पेला भिंतीवर फोडला. पण त्यालाही सहा कुंपारी आहेत. हे मोडलं तर तो स्वतः कोणाच्या भरवशावर झोपेल? आता त्याला परका माणूस बोलवावा लागेल, कॅन्सस सिटीहून. तो येईल तेव्हा तुम्ही इथे दिसायचं नाही. उद्या सकाळच्या गाडीने कॅलिफोर्नियाला जा. सान होझेला माझ्या चुलतभावाची जर्दाळूची बाग आहे. स्टेशनवर मी सोडतो. माझ्या गाडीला कोणी अडवत नाही."

"आणि तुमचं काय?"

"मी आज झोपणार आहे," लिबोरियो म्हणाला. "मला ससे मारायचे नव्हते हो." आणि पेला रिकामा करून तो बाहेर नाचायला गेला. नाचता त्याला अजिबात येत नव्हतं.

रविवारी सकाळी निन्फाने शुद्धीचा आशीर्वाद न घेताच उंबरा ओलांडला आणि गाडीने प्वेब्लो सोडलं. कारखान्याचा धूर मागे राहिला, डोंगर जवळ आले, तरी गास्पारेचं तोंड बंदच. एरवी ज्याला गप्प करायला डोक्यात वीट घालावी लागली असती तो खिडकीबाहेर बघत बसला होता. आता सगळं सुटलं होतं, त्यामुळे निन्फाच्या तोंडाचाही बांध फुटला.

"काही कळलं का तुला, काय झालं असतं आज? ससे मारायला निघाला होता! बंदूक आणू का म्हणे!"

"माहीत होतं," गास्पारे म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सगळंच. तो चीज घेऊन दारात उभा राहिला तेव्हाच."

निन्फाला काही उमगेना. "मग हो का म्हणालास? दात काढत?"

"नाही म्हटलं असतं तर ते घरी आले असते. खिडकीतून बार काढताना कोणी बघत नाही आत कोण आहे ते. तू चुलीपाशी असतेस, पाळणा खिडकीखाली. म्हटलं, माळावर गेलेलं बरं, एकट्याचंच आटपेल. आणि तुला कशाला सांगू? दोन दिवस तरी तू सुखाने झोपावीस."

"आणि कोझिमो? रात्रभर माझं डोकं खाल्लंस ते?"

गास्पारेने पोरीच्या पायावरून बोट फिरवलं. "तुला काही ठाऊक नाही असं मला वाटलं. मी तर रविवारनंतर असणार नव्हतो. पोरीला बाप नसणार, निदान धर्मबाप तरी धड असावा, तिला सांभाळील असा. आणि तू ती नेलीस आणि ठेवलीस ती नेमकी त्याच्याच मांडीवर. मी मनात म्हटलं, या बाईला देवाने डोकंच दिलं नाही."

निन्फाने त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. मग दुसरा मारला. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं की पोर दचकून जागी झाली. आता कुठे गास्पारेचे हात थरथरायला लागले. गुरुवारपासून हा माणूस एकदाही थरथरला नव्हता. तिने त्याचे हात आपल्या शालीत ओढून घेतले आणि त्याचं डोकं खांद्यावर टेकवलं.

"झोप," ती म्हणाली.

डोंगर ओलांडायच्या आत तो घोरू लागला, तोंड उघडं टाकून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा. समोर एक टोपीवाली अमेरिकन बाई बसली होती. तिने नाक मुरडलं, खोकून दाखवलं, शेवटी गास्पारेकडे बोट करून काहीतरी सुनावलं. निन्फाला इंग्रजी कळलं नाही. तिने आपल्याच भाषेत, अगदी गोड हसून उत्तर दिलं.

"घोरू द्या हो त्याला."