राखणदाराला मोजा

मित्रांनो, स्वतःला जुनी म्हणायला जीभ अडखळते, कारण वयानं मी काही फार नाही. पण माझा चेहरा पाहाल तर तुम्हीच म्हणाल, बाई गं, हिचं हे काय झालं! वरच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत गेली आहे आणि वाटेत तिला दोन फाटे फुटले आहेत. मी एक काच आहे. स्मार्टवॉचच्या तोंडावर चिकटवतात ना, ती पातळशी काच. दुकानात मला स्क्रीन गार्ड म्हणतात. गार्ड म्हणजे राखणदार. आता मी खिडकीतल्या एका पत्र्याच्या डबीत पडून असते. फरशांच्या मधे सारखी फट राहावी म्हणून प्लास्टिकचे छोटे छोटे स्पेसर लावतात, ते माझे शेजारी. दमले आहे मी. तरी एकदा सगळं सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका मोठ्या तावातून मला कापलं, कडा घासल्या आणि वितळलेल्या क्षारांच्या हौदात बुडवून ठेवलं. काय तो उकाडा! पण त्यातून बाहेर आले ती कणखर होऊनच. मग अंगावर एक गुळगुळीत लेप चढला, म्हणजे बोटांचे तेलकट डाग बसू नयेत. शेवटी खोक्यात घातलं आणि खोक्यावर ठळक अक्षरांत नऊचा आकडा छापला. तो आकडा वाचून लोकांना वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल हीच. अहो, कसलं काय! तो आकडा पेन्सिलींचा आहे. सगळ्यात कडक पेन्सिलीनं माझ्यावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आता मला सांगा, मनगटावरच्या घड्याळावर पेन्सिलीनं कोण लिहितं?

मोबाईलच्या सामानाच्या एका दुकानात मी बरेच दिवस खिळ्याला लटकून होते. एके दिवशी एक मुलगी तिच्या वडिलांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. वडील फरशी बसवणारे मिस्त्री. हाताची बोटं सिमेंटनं खरखरीत झालेली, आणि त्या हातात रुमालात गुंडाळलेलं एक नवंकोरं स्मार्टवॉच.

"ताई, याला चांगली काच लावा," मुलगी दुकानवालीला म्हणाली. "बाबा हे हातात घालतच नाहीत. कामावर गेले की रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवतात."

"अगं, ओरखडे येतात," मिस्त्री पुटपुटले. "फरशी कापताना किती चुरा उडतो, तुला काय माहीत?"

"किल्ल्या, नाणी यांनी काचेला सहसा काही होत नाही," दुकानवाली माझं खोकं उघडत म्हणाली. "खरी वैरीण वाळू. वाळू आणि फरशीचा चुरा. तुमचं सगळं आयुष्य त्यातच की हो! पण आता बिनधास्त घाला. ओरखडा आला तर या काचेवर येईल. काच काय, बदलता येते."

तिनं घड्याळ आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या फडक्यानं, मग चिकटपट्टीनं धुळीचा कण न्‌ कण उचलला आणि मला अलगद वर ठेवलं. मी चिकटले. एकही बुडबुडा राहिला नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एकदाची कामाला लागले.

घड्याळाशी माझी ओळख झाली आणि त्यानंच मला खरी गोष्ट सांगितली. मिस्त्री आदल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात राहून आले होते. डॉक्टरीणबाईंनी काम करायला परवानगी दिली, पण एका अटीवर. "ठोके मोजा," त्या म्हणाल्या होत्या. "काम करताना छातीचे ठोके फार वाढले की हातातलं खाली ठेवायचं आणि बसायचं. उद्या-परवा नाही, तिथल्या तिथे." म्हणून लेकीनं हे घड्याळ आणलं. घड्याळाच्या पाठीवर एक हिरवा दिवा असतो. तो कातडीला टेकून ठोके मोजतो आणि आकडा लेकीच्या फोनवर जातो. ती औषधांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकांच्या गडबडीतही ती अधूनमधून फोन बघायची आणि मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

घड्याळ पहिल्यांदा मनगटावर बांधताना ती म्हणाली होती, "बाबा, जपा हं."

आणि मिस्त्री जपायला लागले!

त्यांच्या घराची रीतच तशी. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर पाहुण्यांसाठी दुसरी चादर. मिस्त्रीणबाईंच्या शिलाई मशीनला तर झालर लावलेला अंगरखा होता. कुणी हसलं की त्या म्हणायच्या, "हसा, हसा! वस्तू जपली तर वस्तू आपल्याला जपते." तेव्हा मिस्त्रींना एकट्याला दोष देऊन काय उपयोग? वस्तू जपणं हा त्या घराचा धर्मच होता.

मला लावल्यावर घड्याळ रोज कामावर हातात राहू लागलं, हे खरं. पण दोन-चार दिवसांत माझ्या कडेला एक बारीकसा ओरखडा उठला. केसाएवढा. मला त्याचं काहीच वाटलं नाही, मी त्यासाठीच तर आहे. मिस्त्री मात्र उन्हात हात तिरका करकरून तो बघत बसले. एवढंसं तोंड झालं त्यांचं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कात्री मागितली, एका जुन्या लोकरी मोज्याचा टाचेपासून पुढचा भाग कापून टाकला आणि उरलेल्याची एक नळी केली.

दुसऱ्या दिवशी कामावर ती नळी त्यांनी मनगटात चढवली, तिच्यावर घड्याळ बांधलं आणि वरचा अर्धा भाग उलटा दुमडून माझ्या तोंडावर ओढला. खाली गादी, वर पांघरूण! खालची गादी कशाला, तर घामानं आणि सिमेंटनं घड्याळाची पाठ खराब होऊ नये. वरचं पांघरूण कशाला, तर मला ओरखडा येऊ नये. घड्याळाला राखायला मी, आणि मला राखायला मोजा. राखणदाराला राखणदार! मी काळोखात पडल्या पडल्या कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना कपाळ, ना हात.

त्याच इमारतीत भिंती रंगवणारा एक रंगारी होता, मिस्त्रींचा जुना दोस्त. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. मनगटाकडे बघून तो म्हणाला, "काय मिस्त्री, घड्याळाला थंडी वाजते वाटतं?"

"पोरीनं दिलंय. जपायला सांगितलंय," मिस्त्री म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या तुला?"

"ठोके मोजा."

"आणि तू चढवलास मोजा!" असं म्हणून रंगारी शिडीवरच पोट धरून हसला. मिस्त्रीही हसले. मला नाही हसू आलं.

कारण घड्याळ खालून कुरकुरत होतं, "अगं, मला कातडी लागतच नाही. नुसती लोकर लागते." बरं, अशा वेळी त्यानं गप्प बसावं की नाही? पण यंत्राची जात ती. समोर काही हललं की ते आकडा काढणारच. हिरवा उजेड लोकरीवर पडायचा, लोकर हातोडीच्या ठोक्यांबरोबर हलायची आणि घड्याळ काहीतरी सत्तर-बहात्तर दाखवून मोकळं व्हायचं. तोच आकडा लेकीच्या फोनवर जायचा. ती बिचारी खूश. "बाबा, तुमचे ठोके किती छान आहेत हो! दिवसभर काम करून सत्तर!" मिस्त्री कौतुकानं घड्याळाकडे बघायचे. डॉक्टरीणबाईंनाही तिनं तेच आकडे दाखवले आणि त्या म्हणाल्या, चालू द्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. माणूस घड्याळ बांधून फिरत होता आणि त्याच्या काळजाचं काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. महिनोन्‌महिने हेच. संध्याकाळी घरी आले की मिस्त्री मोजा काढायचे, मला बाहीनं पुसायचे आणि सोफ्यावर टेकायचे. तेवढ्या वेळात घड्याळ खरं मोजायचं. तेव्हा माणूस बसलेला, ठोके शांत. सगळं कसं ठीकठाक! मी या खोटेपणाला इतकी कंटाळले होते, की एखादी फरशी थेट तोंडावर आपटावी असं वाटायचं.

आणि एक दिवस तसंच झालं.

इमारतीची लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. फरशांची खोकी मिस्त्रींनी खांद्यावरून वर आणली. मी अंधारात होते, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो नेहमीचा नव्हता. त्यांनी खोकं खाली ठेवलं, भिंतीला टेकले आणि पहिल्यांदाच कामाच्या मधे मोजा वर सरकवून घड्याळ बघितलं. मला उजेड दिसला आणि त्यांचा चेहरा दिसला. राखेसारखा. कपाळावरचा घाम माझ्या अंगावर टपकला.

घड्याळावर आकडा होता एकाहत्तर.

"ठीक आहे," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "घड्याळ म्हणतंय ठीक आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. बसा हो, बसा खाली! पण त्यांनी मोजा पुन्हा माझ्यावर ओढला. जपून ओढला, हं. आणि दुसरं खोकं उचलायला वाकले.

ते उठलेच नाहीत. गुडघ्यावर आले, आधाराला हात पुढे गेला आणि मनगट फरशांच्या चळतीच्या कडेवर आदळलं. लोकरीचं पांघरूण काय कामाचं? मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकले.

आवाज ऐकून रंगारी धावत आला. "मिस्त्री! ए मिस्त्री!" त्यानं त्यांना आडवं केलं, शर्टाची बटणं काढली आणि जरा वारा लागावा म्हणून हातावरचा तो मोजा खसकन ओढून काढला. पट्टा सैल झाला होता, तोही त्यानं आवळला. मोजा आल्यापासून घड्याळाची पाठ पहिल्यांदाच कामाच्या जागी त्या कातडीला टेकली. थोड्याच वेळात ते असं थरथरायला लागलं की काही विचारू नका. आकडा दुप्पट झाला, आणखी वर गेला आणि माझ्या भेगेमागून लाल रंगात चमकायला लागला.

"अरे, हे तर बोंबलतंय!" रंगारी ओरडला. तेवढ्यात त्याच घड्याळावर लेकीचा फोन आला. तिलाही तो आकडा दिसला होता. रंगानं माखलेल्या बोटानं रंगाऱ्यानं माझ्यावर दाबलं. मी फुटले होते, पण खालची काच धड होती. तिला स्पर्श कळला आणि फोन उचलला गेला. लेकीनं तिकडून लगेच रुग्णवाहिका बोलावली.

मिस्त्री वाचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दवाखान्यात लेक खाटेशेजारी बसली होती. तिच्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात रंगाऱ्यानं आणून दिलेला तो कापलेला मोजा. रंगाऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं. बराच वेळ ती मोज्यात बोटं घालून बघत राहिली.

"बाबा, हे काय आहे?"

मिस्त्रींनी नजर चुकवली. एवढा थोराड माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता. "तूच म्हणाली होतीस ना, जपा म्हणून."

लेकीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं तो मोजा तोंडावर धरला. तिचे खांदे गदागदा हलायला लागले.

"अहो बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला म्हणाले होते. घड्याळाला नाही हो, तुम्हाला! काच बदलता येते. तुम्ही कुठून आणू?"

दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर रिमोटची पिशवी फाडून टाकली.

माझी सेवा तिथेच संपली. दुकानवालीनं कडेला नख घालून मला उचललं, तेव्हा मी तीन तुकड्यांत हातात आले. "नवी लावू?" तिनं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "लाव. पण आता तिला काम करू दे." मला फेकायलाही त्यांनी नकार दिला. रंगाऱ्याकडची चिकटपट्टी लावून मला एकत्र केलं आणि या डबीत ठेवलं. आता ते जड खोकी उचलत नाहीत. बसून फरशीची लेव्हल बघतात आणि इतरांना ओरडतात. माझ्या जागी आलेल्या काचेवर म्हणे ओरखड्यांची नुसती जाळी झाली आहे. ऐकून बरं वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला पुसताना आधी फुंकर मारा, चुरा झटका, नाहीतर तोच चुरा बाहीनं माझ्यावर घासला जातो. पण त्याउपर मला जपू नका. माझ्यावर ओरखडे येऊ द्या, मला फुटू द्या. मी राखणदार आहे हो, दागिना नाही. आणि कुणी तुम्हाला 'जपा' म्हणालं तर एकदा विचारून घ्या, काय जपू? लाज वाटू देऊ नका.

मिस्त्री विचारतात. रोज सकाळी लेक कामाला निघते, दारात चपला घालते आणि म्हणते, "बाबा, जपा हं."

"कुणाला गं?" आतून मिस्त्री ओरडतात.

"तुम्हाला, बाबा!"

मग दार लागतं. इथे डबीत मला सगळं ऐकू येतं.