आधी आपला पेला

आठ वर्षांनी माझी नणंद ताझुको घरी आली, माझं आल्याचं मद्य प्यायली, आणि ती गेल्यावर अर्ध्या तासात मला कळलं की मी तिला विष पाजलंय.

सासूबाईंच्या अंत्यविधीला मी बोलून गेले होते, "जिवंतपणी एकदा तरी यायचं होतंत, वन्सं." तेव्हापासून अबोला. या हिवाळ्यात मीच बोलावलं. शरदात युझू लिंबांच्या साली, आल्याच्या चकत्या आणि खडीसाखर शोचू या कडक दारूत घालून बरणी मुरत ठेवली होती. उन्हाळ्यात हे सोडा-बर्फात छान लागतं, पण फेब्रुवारीत गरम पाणीच हवं, वर सालीचा तुकडा. वन्संनी तोंड वळवून पेला संपवला, पेले विसळायला ठेवलेल्या वाडग्यातल्या पाण्यात विसळून परत दिला आणि गेल्या.

मग नवरा कामेजी पॉलिहाउसमधून आला. तो तिथे कळलावीची फुलं पिकवतो. फुलं देखणी, कंद जहरी. हातात आल्याचा गड्डा.

"अगं, कंद लावायला पुडकं सोडलं, त्यात हे आलं कुठून आलं?"

शरदात त्याचे कंद माझ्या आल्याशेजारीच वाळत होते. तेव्हा मला पडसं होतं, नाक चोंदलेलं. बरणीतल्या चकत्या काढून हुंगल्या. दोन आल्याच्या. तिसरीला आल्याचा वासच नाही!

"ॲम्ब्युलन्स बोलवा! वन्संच्या घरी!" ओरडून मी धावत सुटले. चपला उलटसुलट. मेली असेल तर? लोक म्हणतील, गोड बोलून बोलावलं आणि काटा काढला. खरं सांगते, आधी माझंच नाव बद्दू होईल हे मनात आलं, मग ती. लाज वाटते.

वन्सं अंगणात मुळे धूत होत्या.

"ओका! बोटं घाला घशात! मद्यात कळलावी पडलीय, चुकून, देवाशपथ चुकून!"

त्यांच्या हातातला मुळा खाली पडला.

"मी प्यायलेच नाही," त्या म्हणाल्या. "विसळायच्या वाडग्यात ओतलं."

"का?"

"पाजणाऱ्याने आधी आपला पेला रिकामा करायचा, मग तोच भरून पाहुण्याला द्यायचा. आपल्या कोचीतलं शेंबडं पोरही सांगेल. तू ओठही लावला नाहीस. म्हटलं, आठ वर्षं तोंड फुगवून बसलेली, आज एवढी गोड का झाली?"

"डॉक्टरांनी दारू बंद केलीय हो! बीपी! तुमच्यापुढे म्हातारी ठरायचं नव्हतं."

"मूर्ख आहेस, वहिनी."

मी ओट्यावर मटकन बसले. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्या वाचल्या होत्या. जीव भांड्यात पडला, आणि तरी आत कुठेतरी फार दुखलं.

वन्सं आत गेल्या आणि आपल्या आल्याच्या मद्याची बाटली घेऊन आल्या. पेला भरला, माझ्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या, उलटा करून दाखवला. मग भरून माझ्यापुढे धरला. हातच पुढे होईना माझा.

"तूही?" त्या हळूच म्हणाल्या.

मी डोळे मिटून एका घोटात संपवलं. आलं घशात झणझणलं, अस्सल आलं, आणि तेव्हा मला रडू फुटलं.

ॲम्ब्युलन्स वाजत गल्लीत शिरली.

"आता त्यांना काय सांगायचं?" वन्संनी विचारलं, आणि माझा पेला पुन्हा भरला.