परबबाईंची दमट पेटी

भिजलेल्या गोणपाटाचा वास आणि साठ वॅटच्या दिव्यांचा पिवळा उजेड, या दोहोंमधून परबबाई आठवतात. लाकडी पेटीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ त्या उभ्या असत आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंफलेले असत. देवासमोर उभं राहिलेल्या माणसाचे हात पुढे जुळतात. बाईंची एकाग्रता पाठीमागे जुळत असे.

घाटकोपरच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. जमिनीचा चढउतार मोजण्याची लेव्हल, म्हणजे तिपाईवर बसवायची आडवी दुर्बीण, तिथे तयार होई. तिच्यातून दिसणारी आडवी रेघ ऊन असो वा धुकं, जागची हलता कामा नये, एवढंच तिचं काम. पण पितळ उन्हाने वाढतं, भिंगं जोडणारा डिंक ओल्या हवेत सैल पडतो आणि केसाएवढा फरक लांबवर हातभर होतो. म्हणून तयार झालेली प्रत्येक दुर्बीण पाच दिवस त्या पेटीत राही. दिवसा दिवे लावून पेटी तापवायची, संध्याकाळी ओल्या गोणपाटांनी निववायची. आत दोन तापमापक टांगलेले असत, एक कोरडा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून हवेतली ओल कळे. दर दोन तासांनी ते अंतर आणि रेघेची जागा बाई वहीत लिहीत. त्यांच्या इंग्रजी सातांना आडवी दांडी असे. एकाशी गल्लत नको म्हणून.

मी त्यांच्या हाताखालचा परीक्षक. पहिल्याच दिवशी मी दुर्बिणीला हात टेकवून डोळा लावला, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "मेल्या राणे, हात मागे घे आधी. तुझ्या तळव्याची ऊब कळता तिला."

मालवणकडच्या बोलीतली ती शिवी मायेची होती, पण सूचनेत माया नव्हती. श्वाससुद्धा त्या रोखून धरत. मार्चमधली कोरडी झळ, श्रावणातलं भिंतींना सुटलेलं पाणी, ऑक्टोबरची घामट दुपार, हे सगळे ऋतू त्यांनी त्या पेटीत आलटूनपालटून बोलावले होते, आणि मुंबईच्या हवेला शिव्या घालणाऱ्या आम्हा सगळ्यांत त्या हवेकडून काम करून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मग एका वर्षी परीक्षणाच्या खोलीत एअर कंडिशनर आला. मालकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. वर्क्स मॅनेजर सहस्रबुद्धे यांनी पेटी बाहेरच्या बोळात हलवली, कारण तिच्या वाफेने खोली गार होईना. आठवड्याभरात तिच्यात जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात झाली. खोलीतल्या दुर्बिणी मात्र आदर्श वागू लागल्या. साहेबांना खरोखर वाटलं की यंत्रं सुधारली. त्या माणसाची चूक प्रामाणिक होती, इथपर्यंत.

"बघा परबबाई, बारांपैकी एकीचीही रेघ हलली नाही."

"हलेल कशी साहेब? त्या तर महाबळेश्वरला बसल्यात."

खोलीतले सगळे हसले, साहेबही. बाई हसल्या नाहीत. भाद्रपदाच्या दुपारी त्यांनी बाराही दुर्बिणी एकेक करून गच्चीवर नेल्या, मला समोरच्या कठड्याशी मोजपट्टी धरायला लावली, मग जागा बदलून मला वाचून वहीत लिहायला लावलं. भिंगांवर क्षणात धुकं धरलं. ते विरल्यावरही बाई दोन तास थांबल्या, यंत्रांना हवेची सवय होऊ द्यावी म्हणून. त्यांच्या न्यायात यंत्रालाही बाजू मांडायला वेळ होता. तीन दुर्बिणींच्या रेघा जागेवर आल्या. नऊंच्या आल्या नाहीत. बाईंनी वहीत नऊ ओळींपुढे 'नापास' लिहिलं.

माल कोकणातल्या एका कालव्याच्या कामावर जायचा होता आणि टेम्पो खाली उभा होता. प्रत्येक दुर्बिणीच्या तपासणीच्या दाखल्यावर परीक्षकाची सही झाल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"साइटवरची माणसं एवढं बघत नाहीत हो," साहेब म्हणाले.

"त्याच रेघेवर ती पाट खणतात. पाणी काय तुमचा दाखला वाचून वाहणार?"

"सही करा. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला बसा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवले. "राणे, तूही परीक्षकच ना?"

तेव्हा बाई माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "नऊतले पाच आकडे तुझ्या अक्षरात आहेत रे."

मी बाराही दाखल्यांवर सही केली. त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

सोमवारी बाई बोळात, त्या पेटीशेजारी, पॅकिंगला बसल्या. चौदा वर्षं ज्या बोटांनी यंत्राला आपली ऊब लागू दिली नव्हती, ती आता त्याला लाकडाच्या भुशात पुरत होती, आणि प्रत्येक खोक्यात ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांची एक पुरचुंडी जास्त घालत होती. त्यांच्या जागी मी बसलो, गार हवेत. बोळातून जाताना मी घड्याळात बघत असे. दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. कोणी विचारलं नाही.

मी पुढे वर्तमानपत्रात गेलो. इतरांच्या खोट्या दाखल्यांच्या बातम्या लिहिल्या, तारखेसह, पुराव्यासह, एकही विशेषण न वापरता. त्या कालव्याची चौकशी करणं सहज शक्य होतं. केली नाही. सहस्रबुद्ध्यांचा संताप मला अजून येतो, पण त्यांनी फक्त कागद फिरवला होता. पेन माझं होतं. आणि ज्या संतापाला आपल्याच घराचा पत्ता असतो, तो कुठे छापताही येत नाही.

बाईंचा चेहरा आता नीट आठवत नाही. काळ माणसाला असा कडेकडेने पुसत आणतो, त्याला लोक दया म्हणतात; माझ्या बाबतीत त्याने नाक, डोळे, कपाळ सगळं नेलं आणि ते एक वाक्य, त्यातल्या 'रे'सकट, जसंच्या तसं ठेवलं.